छापणे वेगळे, प्रकाशन वेगळे : पुस्तक-प्रकाशनाच्या पदव्युत्तर शिक्षणाची ओळख

बी.ए., बी.कॉम. झाल्यावर मुलामुलींनी पुढे काय शिकावे, हा प्रश्न दरवर्षी निकालानंतर आपल्या घराघरांत निघतो. उत्तरेही ठरलेली असतात. मुलगी असेल तर बी.एड., मुलगा असेल तर बापाचे दुकान, नाही तर एखादा संगणकाचा कोर्स. काही वर्षांपूर्वी माझ्या घरात हा प्रश्न निघाला. धाकटी मुलगी बी.ए. झाली होती. ती म्हणाली, "अब्बा, मला पुस्तक-प्रकाशनाचा पदव्युत्तर कोर्स करायचा आहे." घरातील मंडळी हसली. तिचे बडे अब्बा म्हणाले, "छापखान्यात काम करायला एवढे शिक्षण कशाला? सदर बाजारात कोणत्याही छापखान्यात चार महिने बस, सगळे येईल."

मला मात्र हसू आले नाही. कारण माझ्या गोदामात, सुती कापडाच्या गाठींच्या मागे, पुस्तकांचे गठ्ठे पडून होते.

हे गठ्ठे कसे आले ते सांगतो. आमच्या उर्दू शाळेतील एका उस्तादांचा २०११ साली इंतकाल झाला. त्यांच्या गझला आणि काही लेख वह्यांत पडून होते. आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, १३२ पानांचे पुस्तक तयार केले आणि १,००० प्रती छापल्या. मोठा जलसा झाला, हारतुरे झाले. दोनशेच्या आसपास प्रती भेट म्हणून वाटल्या, साठ-सत्तर विकल्या गेल्या आणि उरलेल्या माझ्या गोदामात आल्या. दोन गठ्ठे वाळवीने खाल्ले. एकदा ईदच्या दिवशी उस्तादांच्या बेगमसाहेबांनी विचारले, "औरंगाबादचे एक साहेब पुस्तक मागत होते. ते बाजारात कुठे मिळते?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुस्तक बाजारात कुठेच मिळत नव्हते.

छापखान्याने आपले काम चोख केले होते. चूक आमची होती. आम्ही पुस्तक छापले होते, प्रकाशित केले नव्हते. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो फरक शिकवणारे शिक्षण आहे, हे मला मुलीच्या अभ्यासक्रमामुळे समजले. आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंना त्याची माहिती व्हावी म्हणून हा लेख.

प्रकाशक म्हणजे कोण?

आपल्या धंद्यातले उदाहरण घेऊ. भिवंडी-मालेगावात कित्येक लूमवाले मजुरीवर कापड विणून देतात. सूत दुसऱ्याचे असते, माल दुसऱ्याचा असतो. कोणते कापड विणायचे, किती ताके काढायचे, कोणत्या मोसमात आणि कोणत्या भावाने विकायचे हे तो दुसरा ठरवतो. माल पडून राहिला तर तोटाही त्याचाच. लूमवाल्याला त्याची मजुरी मिळून गेलेली असते.

पुस्तकाच्या धंद्यात छापखाना म्हणजे हा लूमवाला आणि प्रकाशक म्हणजे माल काढणारा व्यापारी. कोणते लेखन घ्यायचे, ते कसे दुरुस्त करायचे, किती प्रती काढायच्या, किंमत काय ठेवायची आणि वाचकापर्यंत कसे पोहोचायचे, हे सर्व प्रकाशकाचे काम होय. छपाई हा त्यातील एक टप्पा आहे.

हा धंदा आपल्याला परका नाही

हा आपला धंदा नव्हे, असे काही बंधू म्हणतील. पण इतिहास वेगळे सांगतो. अब्बासी काळातील बगदादमध्ये 'वर्राक' नावाचा व्यावसायिक वर्गच होता. कागद विकणे, ग्रंथांच्या नकला करून घेणे, त्या तपासणे आणि विकणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांचा वेगळा बाजार होता. इब्न अन-नदीम हा त्यांच्यापैकीच एक. हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या अखेरीस, त्याने अरबी भाषेतील ग्रंथांची 'अल-फिहरिस्त' नावाची मोठी सूची तयार केली. एका पुस्तकविक्रेत्याने केलेले हे काम आजही विद्वानांना लागते.

फार दूर जायलाही नको. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा हे गाव आहे. हातकागद बनवणाऱ्या मुस्लिम कारागिरांवरूनच गावाला हे नाव मिळाले. औरंगाबाद शहर (आजचे छत्रपती संभाजीनगर) निजामी राजवटीत काही काळ उर्दू प्रकाशनाचे मोठे केंद्र होते. मौलवी अब्दुल हक १९१२ साली अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झाले आणि अंजुमनचे कार्यालय औरंगाबादला आले. १९२१ साली तेथूनच 'उर्दू' हे त्रैमासिक सुरू झाले. अंजुमनचा स्वतःचा छापखानाही तेथे होता. जालन्यापासून पासष्ट किलोमीटरच्या आत ज्या भाषेची नामवंत पुस्तके निघत होती, त्या भाषेचे एक लहान पुस्तक आम्हाला वाचकांपर्यंत पोहोचवता आले नाही. याची खंत वाटते.

या शिक्षणात काय शिकवतात?

संस्था कोणतीही असली तरी या अभ्यासक्रमाचे साधारण चार भाग पडतात.

पहिला भाग निवड आणि संपादनाचा. आलेले लेखन कोणासाठी आहे, त्याचा वाचक किती आहे, त्यात काय ठेवावे आणि काय काढावे, हे ठरवायला शिकवतात. मग भाषा, संदर्भ, शुद्धलेखन आणि मुद्रिते तपासणे. आपल्याकडे कुराणशरीफच्या छापील प्रतीत हाफिजांनी मजकूर तपासल्याचे प्रमाणपत्र छापण्याची प्रथा आहे. एका नुक्त्याचीही चूक राहू नये, ही त्यामागची काळजी. इतर पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपण ही काळजी विसरतो. आमच्या पुस्तकात उस्तादांच्या तीन शेरांचे वजन टायपिंगच्या चुकीने बिघडले होते. ज्यांनी आयुष्यभर आमचे उच्चार सुधारले, त्यांच्याच पुस्तकात हे घडले.

दुसरा भाग निर्मितीचा आणि तिच्या हिशेबाचा. कापडाचा पन्हा पाहून शिंपी कपडा बेततो, तसे कागदाचा आकार पाहून पुस्तक बेतावे लागते. डेमी आकाराचा एक ताव घडी केला की १६ पाने होतात, त्याला फर्मा म्हणतात. १२८ पानांचे पुस्तक म्हणजे बरोबर ८ फर्मे. १,००० प्रतींना ८,००० ताव, म्हणजे ५०० तावांच्या १६ रिमा, शिवाय वाया जाणारा कागद धरायचा. आमचे पुस्तक १३२ पानांचे झाले, कारण शेवटची चार पाने आम्ही देणगीदारांच्या नावांनी भरली. त्या चार पानांसाठी कागद, छपाई आणि बांधणी वेगळी पडली. नावे सुरुवातीच्या एका पानावर लहान अक्षरात बसली असती. शिंप्याला कळते ते आम्हा कापडवाल्यांना कळले नाही.

याच भागात अक्षरजुळणी, पानांची मांडणी, मुखपृष्ठ आणि ई-पुस्तक येते. आता अंकीय छपाईमुळे ५० किंवा १०० प्रतीही काढता येतात. एका प्रतीचा खर्च जास्त पडतो, पण भांडवल अडकत नाही आणि गोदाम भरत नाही. आधी १०० काढा, खपल्या तर पुन्हा काढा. हे आम्हाला माहीत असते तर वाळवीचे पोट भरले नसते.

तिसरा भाग कायद्याचा आणि कराराचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही मुदत मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजतात. मौलाना आझाद १९५८ साली वारले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनावरील हक्क २०१८ च्या अखेरीस संपला. मात्र त्या लेखनाचा कोणी अलीकडे अनुवाद केला असेल तर त्या अनुवादाचा हक्क वेगळा असतो. म्हणून 'जुने पुस्तक आहे, छापून टाका' असे म्हणून चालत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची मुदत प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे मोजली जाते.

आमच्या उस्तादांच्या लेखनाचा हक्क त्यांच्या वारसांचा होता. आम्ही त्यांच्याकडून कागदाचा एक तुकडाही लिहून घेतला नव्हता. नेक काम आहे, परवानगी कसली, असे आम्हाला वाटले. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद देणारी मोठी आयत आहे. व्यापारी म्हणून ती मला तोंडपाठ आहे. पुस्तकाच्या व्यवहारात तिची आठवण झाली नाही.

कायद्याच्या आणखी दोन गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. आयएसबीएन हा पुस्तकाचा १३ अंकी ओळख क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. कोणी दलाल त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. दुसरे असे की, १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने आपल्या खर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना पुस्तकाची एकेक प्रत पाठवायची असते. हा खर्च वाटतो, पण पुस्तक कायमचे जपले जाण्याची सोय त्यातच आहे. गोदामातील प्रती वाळवी खाईल, राष्ट्रीय ग्रंथालयातील प्रत नातवंडांनाही सापडेल.

चौथा भाग विक्रीचा. आपल्या बंधूंना येथे सर्वांत जास्त गोडी वाटेल. समजा पुस्तकाची छापील किंमत १०० रुपये आहे. विक्रेता आणि वितरक यांची सूट मिळून ४० रुपये गेले. लेखकाचे मानधन १० टक्के धरले तर १० रुपये गेले. उरलेल्या ५० रुपयांत कागद, छपाई, संपादन, वाहतूक, भेटीच्या प्रती, न खपलेला माल आणि प्रकाशकाचा नफा बसवायचा. म्हणून निर्मितीखर्चाच्या चार-पाच पट छापील किंमत ठेवावी, असा या धंद्यातील जुना ठोकताळा आहे. कापडावर असा भाव लावला तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाही. पण कापडाचा ताका विकला की विकला. पुस्तके बऱ्याचदा जांगडावर दिली जातात. सहा महिन्यांनी मळलेल्या प्रती परत येतात आणि पैसे अडकतात ते वेगळेच. आम्ही छापील किंमत निर्मितीखर्चाएवढीच ठेवली होती. सवाब मिळेल असे वाटले. पण त्या किमतीत कोणताही दुकानदार पुस्तक ठेवायला तयार होईना, कारण त्याला द्यायला आमच्याजवळ काही उरत नव्हते. स्वस्त ठेवल्यामुळेच पुस्तक बाजारात पोहोचले नाही.

कराचाही एक मुद्दा आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. परंतु त्यामुळेच कागदावर आणि छपाईवर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही. तो कर खर्चात धरावा लागतो.

कोठे शिकता येते?

प्रथम एक फरक समजून घ्यावा. ब्रिटन-अमेरिकेत प्रकाशन या विषयात पूर्ण पदव्युत्तर पदवी देणारी विद्यापीठे आहेत. ऑक्सफर्ड ब्रुक्स, लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज, न्यूयॉर्कचे पेस विद्यापीठ ही त्यांतील काही नावे. तेथील फी आणि राहण्याचा खर्च आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर आहे. आपल्या देशात या विषयाचे शिक्षण मुख्यतः पदव्युत्तर पदविका आणि अल्पमुदतीचे वर्ग या स्वरूपात मिळते.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, म्हणजे इग्नूने, पुस्तक-प्रकाशनाची पदव्युत्तर पदविका सुरू केली. कोणत्याही शाखेच्या पदवीधरासाठी आणि किमान एक वर्षाचा असा तो अभ्यासक्रम. शिक्षण दूरस्थ असल्याने घर सोडावे लागत नाही. माझ्या मुलीने हाच मार्ग घेतला. माध्यम इंग्रजी आहे, ही आपल्या मुलांसाठी मोठी अडचण आहे. नॅशनल बुक ट्रस्ट ही १९५७ साली स्थापन झालेली सरकारी संस्था प्रकाशनाचे थोड्या मुदतीचे प्रशिक्षण वर्ग घेत आली आहे. ज्याला नोकरी-धंदा सोडून वर्षभर शिकणे शक्य नाही, त्याने या वर्गांची चौकशी करावी. प्रवेश चालू आहे की नाही आणि फी किती, हे दरवर्षी संस्थेकडूनच विचारून घ्यावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

उर्दू माध्यमातील मुलांसाठी हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात पत्रकारिता आणि अनुवाद यांचे पदव्युत्तर शिक्षण उर्दूतून मिळते. हे दोन्ही विषय प्रकाशनाच्या शेजारचे आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा संगणक, हिशेब आणि बहुभाषी डीटीपीचा एक वर्षाचा डिप्लोमा आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे. ज्याला यंत्राची आवड आहे, त्याच्यासाठी मुंबईच्या शासकीय मुद्रण तंत्र संस्थेचा रस्ता आहे. पण तो मुद्रणाचा आहे, प्रकाशनाचा नव्हे. हा फरक पालकांनी विसरू नये.

प्रवेश घेण्यापूर्वी

खरे बोलायचे तर हे शिक्षण सर्वांसाठी नाही. सुरुवातीचा पगार फार मोठा नसतो. चांगल्या नोकऱ्या दिल्ली, मुंबई, पुणे या शहरांत आहेत आणि त्यांतही इंग्रजी लागते. ज्याला वाचनाची आवड नाही, ज्याला एकच पान चार वेळा तपासायचा कंटाळा येतो, त्याने या वाटेला जाऊ नये. केवळ पदविकेचा कागद मिळाला म्हणून नोकरी चालत येणार नाही.

परंतु ज्या मुलाला दोन-तीन भाषा येतात, त्याची किंमत येथे आहे. आपली मुले घरी उर्दू बोलतात, बाजारात मराठी बोलतात, कॉलेजात इंग्रजी वाचतात आणि लहानपणी मकतबात अरबी अक्षरे शिकलेली असतात. आपण याला ओझे समजतो. प्रकाशनात हेच भांडवल आहे. उर्दूतील चांगले मराठीत आणि मराठीतील उर्दूत नेणारे फार थोडे आहेत. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून मराठीत लिहिणारे आपले लेखक वाढले, पण त्यांची पुस्तके नीट काढून विकणारे त्या मानाने वाढले नाहीत.

पैशाची अडचण असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्जाची चौकशी करता येते. त्यावर व्याज किती, परतफेड कशी, हे आधी विचारावे आणि ज्यांना व्याजाचा व्यवहार नको असेल त्यांनी बिरादरीच्या फंडातून किंवा नातेवाइकांकडून कर्जे-हसना मिळते का ते पाहावे.

कारागिरांसाठी दोन शब्द

हा विषय केवळ पदवीधरांचा नाही. १९८१ साली नूरी नस्तालीक या अक्षरवळणाने उर्दू मजकूर यंत्रावर जुळवणे शक्य केले. १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीचे 'इनपेज' आले आणि हाताने किताबत करणाऱ्या कातिबांचे काम पाहता पाहता संपले. कित्येक हुनरमंद कातिब घरी बसले. पण ज्यांनी संगणकावर पान मांडायला शिकून घेतले, ते टिकले, कारण पानात किती जागा मोकळी सोडायची आणि ओळ कोठे तोडायची याची नजर त्यांच्याजवळ आधीच होती. यंत्र नवे होते, नजर जुनीच कामाला आली. जिल्दसाज, डीटीपी करणारे आणि लहान छापखानेवाले बंधू यांनी हे उदाहरण समोर ठेवावे. केवळ मजुरीवर राहू नये. संपादन, हिशेब आणि करार यांची थोडी जरी माहिती करून घेतली तरी भोकरदन, अंबड, परतूरच्या शाळा, मदरसे आणि संस्था यांची स्मरणिका असो वा पुस्तक, संपूर्ण काम अंगावर घेता येईल.

शेवटी माझ्या गोदामातील गठ्ठ्यांविषयी. मुलीने आपल्या अभ्यासाच्या निमित्ताने उस्तादांचे पुस्तक पुन्हा हातात घेतले. बेगमसाहेबांकडून आणि त्यांच्या मुलांकडून रीतसर करार लिहून घेतला. तीन शेर दुरुस्त केले, पाने १२८ वर आणली, आयएसबीएन घेतला, किंमत हिशेबाने लावली आणि फक्त १०० प्रती काढल्या. चार ग्रंथालयांना चार प्रती रवाना झाल्या. बाकीच्यांपैकी बऱ्याचशा वर्षभरात विकल्या गेल्या. कमाई म्हणाल तर फार नाही. पण मानधनाची छोटीशी रक्कम घेऊन मी जेव्हा कुंडलिकेच्या पलीकडे बेगमसाहेबांच्या घरी गेलो, तेव्हा पुस्तक कुठे मिळते हे मला सांगता आले. तिचे बडे अब्बा आता आपल्या नातवासाठी या कोर्सची चौकशी करीत आहेत.

तिजारत आपल्या रक्तात आहे आणि पहिल्या वहीची पहिली आज्ञा वाचण्याची आहे. या दोहोंचा मेळ घालणारा हा व्यवसाय आपल्या मुलामुलींनी शिकावा. अल्लाह आपणा सर्वांना नफा देणारे इल्म आणि हलाल रोजी देवो. आमीन.